त्यांना वाफ्यापाशी बसू द्या

पालकहो,

पालकसभा संपत आली की मागच्या रांगेतून एक प्रश्न हमखास येतो. "बाई, शनिवारी मुलं मातीत काम करतात, वाळूत खेळतात, ते सगळं छान आहे, पण मग अभ्यास कधी?" विचारणाऱ्याच्या मनात राग नसतो. रिक्षाचं भाडं, वह्या-पुस्तकं, शिकवणी हे सगळं ओढाताण करून भागवणाऱ्या आईबापांची ती काळजी असते. सभेत वेळ थोडा असतो, उत्तर घाईघाईत दिलं जातं. म्हणून आज सावकाश बोलू या.

आधी हिशेबाचंच घेऊ. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवून दिलं आहे. आठवड्यातला एक तास बागेला दिला, तर वर्षाचे चाळीस तासही भरत नाहीत. म्हणजे फार तर विसावा हिस्सा. त्याच कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान आणि खेळाचं साहित्य असलंच पाहिजे असंही लिहिलं आहे, आणि २०२४ मध्ये राज्य शासनाने पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' आणला. तेव्हा हा तास कुणी अभ्यासातून चोरलेला नाही. माझं तर म्हणणं असं, की उरलेल्या साडेसातशे तासांत मूल वर्गात मनाने हजर असेल की नाही, ते बऱ्याच अंशी या चाळीस तासांवर ठरतं.

आमच्या शाळेमागे थोडी मोकळी जागा आहे. फार मोठी नाही. एक जुना करंज, त्याच्याभोवती दगडी पार, विटा तिरक्या रोवून केलेले वाफे, कोपऱ्यात वाळूचा हौद आणि कुंपणाला लागून कढीपत्ता. तिथे घंटेचा आवाज येतो, पण तो दुरून आल्यासारखा. अमुक मूल हुशार, तमुक मागे पडलेलं, ही विभागणी त्या फाटकाच्या आत येत नाही, कारण तिथे फळा नाही आणि कुणाला उभं करून काही विचारलं जात नाही. या जागेने मुलांचं काय होतं, तेच मला तुम्हाला सांगायचं आहे.

घरात काय चाललंय ते मुलांना कळतं. आपल्याला वाटतं, ती खेळात आहेत, त्यांचं लक्ष नाही. पण आजीचं दुखणं, बाबांचं गेलेलं काम, रात्री बंद दाराआडून ऐकू आलेला चढा आवाज, यांतलं काहीही त्यांच्या नजरेतून सुटत नाही. फक्त ते सांगायला लागणारे शब्द त्यांच्यापाशी नसतात. मग गणिताच्या तासाला पोटात दुखू लागतं. पेन्सिलीचं टोक चावून चावून तिचा चोथा होतो. काही कारण नसताना शेजारच्याला ढकललं जातं. अशा मुलाला समोर बसवून, डोळ्यांत डोळे घालून "काय झालं?" विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "काही नाही."

तेच मूल वाफ्यात शेजारी बसून तण उपटत असतं, त्याचे हात गुंतलेले असतात आणि तुमची नजर त्याच्यावर नसून हरळीच्या मुळीवर असते, तेव्हा ते आपणहून बोलायला लागतं. मी हे अनेकदा पाहिलं आहे, आणि दर वेळी मला ते तितकंच मोलाचं वाटलं आहे. तिसरीतली एक मुलगी वर्गात महिनोन् महिने मान खाली घालून असायची. हजेरीला "हजर" म्हणायची तेवढाच तिचा आवाज. गवारीच्या शेंगा तोडताना एके दिवशी ती बोलू लागली, आणि बोलतच राहिली. ती काय म्हणाली ते इथे सांगण्याचं नाही. पण त्या दिवशी शेंगा नसत्या, तर ते तिच्या पोटातच राहिलं असतं याची मला खात्री आहे. नंतर तिच्या आईशी बोलता आलं, आणि पुढचा मार्गही निघाला.

हाताला काम आणि मनाला सवड हे मुलांच्या शिक्षणात काही नव्याने आलेलं नाही. १८३७ साली जर्मनीतल्या ब्लांकेनबुर्ग गावी फ्रेडरिक फ्रोबेल यांनी लहान मुलांसाठी संस्था काढली, तीच पुढे किंडरगार्टन म्हणून जगभर गेली. आज त्या नावाखाली चार वर्षांच्या मुलांना बाकांवर बसवून अक्षरं गिरवायला लावतात. फ्रोबेल यांच्या आखणीत मात्र खरोखरीची बाग होती, आणि तिचे दोन भाग होते. सगळ्यांचे सामाईक वाफे बाहेरच्या बाजूने आणि त्यांच्या आत प्रत्येक मुलाचा स्वतःचा लहानसा वाफा. सामाईक वाफ्यात सगळ्यांनी मिळून, नीट, रीतीप्रमाणे काम करायचं. स्वतःच्या वाफ्यात मुलाने हवं ते, हवं तसं लावावं, रोपाला हवं तसं वागवावं. आणि वाईट वागवलं तर रोप काय करतं, हे कुणी न सांगता त्याला तिथेच कळावं. ही आखणी मला फार शहाणपणाची वाटते. आपली मुलं दिवसभर सामाईक वाफ्यातच असतात. रांग, गणवेश, वेळापत्रक, चाचणी हे सगळं सगळ्यांचं, सगळ्यांसारखं. चुकायला मोकळीक असलेला, फक्त त्यांचा असा हातभर तुकडा त्यांना कुठे असतो?

आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे वेगळ्या वाटेने केलं. ताराबाईंनी भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेकांबरोबर काम केलं होतं. १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबादच्या टेकडीवर या दोघींनी आदिवासी मुलांसाठी शाळा चालवल्या. मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा भरवली. पानं, बिया, खडे, शिंपले हेच त्यांचं शैक्षणिक साहित्य होतं. जिथे मूल निर्धास्त असतं तिथेच ते शिकतं, हे त्यांनी ओळखलं होतं. आज आपण उलट दिशेने निघालो आहोत. मूल घाबरलेलं असलं तरी चालेल, पण शाळेत वेळेवर बसलेलं हवं.

आता तुमच्यापैकी काहींना संशोधन काय सांगतं ते हवं असतं, आणि ते विचारायलाच हवं. बार्सिलोनातल्या ३६ शाळांमधल्या सात ते दहा वर्षांच्या अडीच हजारांहून अधिक मुलांचा वर्षभर अभ्यास झाला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या शाळांच्या आवारात आणि भोवताली झाडी जास्त, तिथल्या मुलांची तात्पुरती स्मरणशक्ती, म्हणजे मनातल्या मनात आकडा धरून ठेवून पुढची पायरी करण्याची क्षमता, अधिक वेगाने वाढलेली दिसली. यातला काही भाग झाडांमुळे वाहनांचा धूर कमी पोचतो म्हणून होता, असं संशोधकांनीच नोंदवलं आहे. त्याच वर्षी चीनमधल्या ग्वांगझू शहरातल्या शाळांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जादा उघड्यावर नेलं गेलं. तीन वर्षांनी त्यांच्यातल्या सुमारे ३० टक्के मुलांना दूरचं अंधुक दिसू लागलं होतं. ज्या शाळांत हा जादा वेळ नव्हता तिथे हे प्रमाण जवळपास ४० टक्के होतं. चष्म्याच्या दुकानात बसलेल्या दुसरी-तिसरीच्या मुलांकडे पाहिलं की मला हे आकडे आठवतात.

पण खरं सांगायचं तर, आकडे नसते तरी मी मुलांना बागेत नेलं असतं. वाट पाहणं ही गोष्ट मी फळ्यावर शिकवू शकत नाही. मेथी पेरली की तीन-चार दिवसांत हिरवी रेघ दिसते, मुलं खूश. मग धणे रगडून, त्यांच्या दोन फाका करून पेरायचे, आणि आठ-दहा दिवस काहीच होत नाही. कधी त्याहूनही जास्त. पाचव्या दिवशी कुणीतरी बोटाने माती उकरून पाहतंच. उकरलेला दाणा पुन्हा पुरला जातो, पुन्हा उकरला जातो. ज्याने उकरलं त्याच्या ओळीत कोथिंबीर येत नाही, आणि ज्याने धीर धरला त्याच्या ओळीत येते. यावर मी चकार शब्द काढत नाही. पुढच्या वेळी तेच मूल दुसऱ्याला दटावतं, "हात नको लावू, त्याला त्याचं करू दे."

रोप मेलं तर मरू द्यावं. शुक्रवारी संध्याकाळी गुपचूप नवं रोप आणून लावायचा मोह आम्हा शिक्षकांनाही होतो आणि तुम्हालाही होईल, कारण मुलाचा उतरलेला चेहरा आपल्याला बघवत नाही. पण वांग्याचं एक रोप सुकलं म्हणून रडणं, मग ते उपटून खताच्या खड्ड्यात टाकणं, आणि त्याच जागी पुन्हा बी लावणं, यात मुलाच्या मनाला जे बळ येतं ते दुसऱ्या कशाने येत नाही. हे नुकसान लहान आहे, सोसण्याजोगं आहे. मोठी नुकसानं आयुष्यात यायचीच आहेत.

कढीपत्त्याचं झाड शाळेत जरूर असावं. त्याच्यावर पावसाळ्यात काळपट-पांढऱ्या अळ्या येतात, अगदी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या. मुलं आधी "शी!" म्हणतात, मग तो ठिपका सरकतो आणि सगळी डोकी तिथे गोळा होतात. काही दिवसांत अळी हिरवीगार होते. ती कढीपत्ता, लिंबू अशा झाडांवर वाढणाऱ्या फुलपाखरांची. मग वाद सुरू होतो, पानं अळीची की आमटीची. एका वर्षी मुलांनी ठरवलं की खालच्या फांद्या स्वयंपाकाच्या मावशींच्या आणि वरच्या अळीच्या. अळीला हा करार कळवायचा कसा, यावरही बरीच चर्चा झाली. जे मूल एरवी झुरळ दिसताच चप्पल उचलतं, ते तिथे श्वास रोखून उभं असतं. इतकं एकाग्र मी त्याला पुस्तकावर कधी पाहिलेलं नाही.

आणि खेळ. शिक्षकांनी शिट्टी वाजवून घेतलेला खेळ नव्हे, मुलांनी मुलांचा मांडलेला. चार करवंट्या, चिंचोके, दोरीचा तुकडा, फरशीचे फुटके ठिकरे एवढं पडलेलं असलं की पुरतं. लगोरी, लंगडी, डोंगर का पाणी, विष-अमृत. कुठला डाव मोडायचा आणि कुठला पुढे न्यायचा ते मुलंच ठरवतात. यात मला सगळ्यात जास्त भावतो तो त्यांचा कच्चा लिंबू. पहिलीतलं कुणी खेळायला आलं, नाहीतर कुणाचा पाय दुखावलेला असला, तर मोठी मुलं सहज सांगतात, "हा कच्चा लिंबू," आणि तो आउट होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही. त्याला खेळात तर घ्यायचं, पण त्याच्या ताकदीबाहेरचं ओझं त्याच्यावर टाकायचं नाही. समावेशक शिक्षणाच्या प्रशिक्षणात आम्ही जे दिवसभर ऐकतो ते ही मुलं परंपरेने जाणतात. मात्र खेळ मोठ्यांच्या हातात गेला, गुण आणि पदकं आली, की पहिला बाद होतो तो कच्चा लिंबू.

वाळूच्या हौदात भातुकली चालते. तिथे नीट कान दिला तर आपलीच वाक्यं ऐकू येतात. "मला वेळ नाही, नंतर ये." "किती वेळा सांगायचं तुला?" मूल तिथे आई होतं, बाबा होतं, डॉक्टर होऊन सुई टोचतं. जे त्याच्यावर गुदरलं ते तिथे पुन्हा करून पाहतं, या वेळी सूत्रं स्वतःच्या हातात घेऊन. म्हणून भातुकली मध्येच तोडू नये, आणि मुलाला त्यावरून जाबही विचारू नये.

करंजाभोवतीच्या त्या पाराचा एक नियम मात्र आम्ही कसोशीने पाळतो. वर्गात एखाद्या मुलाला सगळं नकोसं झालं, रडू येतंय किंवा राग आवरत नाहीये, तर त्याने बाईंना खूण करायची आणि पारावर जाऊन बसायचं. एक मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात असतं, पण जवळ जात नाही. बरं वाटलं की मूल परत येतं. का गेला होतास, हे चारचौघांत कुणी विचारत नाही. आणि शिक्षा म्हणून कुणालाही तिथे पाठवायचं नाही. दंगा केला म्हणून तण काढायला लावायचं, हेही नाही. शिक्षेला वापरलेली जागा मुलाला पुन्हा कधी आपली वाटत नाही.

तुमच्या मनातली भीतीही मला माहीत आहे. साप, विंचू, काटे, डास. म्हणून पालापाचोळ्याचे आणि विटांचे ढीग खेळाच्या जागेपासून लांब हवेत, आणि मोठ्यांनी जागा पाहिल्याशिवाय मुलांनी आत हात घालायचा नाही. कुंड्यांखालच्या ताटल्या, झाऱ्या, बादल्या आठवड्यातून एकदा तरी रिकाम्या करून कोरड्या करायच्या, कारण डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो आणि त्याला आठ-दहा दिवस पुरतात. कण्हेर, धोतरा, एरंड, गुंज शाळेच्या आवारात नकोत. बी तोंडात घालणारी मुलं असतातच. पाचव्या-सहाव्या वर्षाचा आणि दहाव्या वर्षाचा लसीचा डोस राहिला असेल तर तो आधी घ्या, त्यात धनुर्वातापासून संरक्षण असतं. आणि खायच्या आधी साबणाने हात. इतकं केलं की मातीला भ्यायचं कारण नाही. फिनलंडमध्ये काही पाळणाघरांच्या रेताड अंगणात जंगलातली माती आणि झाडोरा आणून घातला आणि मुलांना त्यात खेळू दिलं. २८ दिवसांत त्यांच्या त्वचेवरच्या जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातही प्रतिकारशक्तीला उपकारक बदल दिसले. हा अभ्यास २०२० चा आहे. तेव्हा शनिवारचा गणवेश मळका आला तर त्या दिवशी रागावू नका. जुना शर्ट पाठवलात तर आणखी उत्तम.

एक विनंती मात्र कळकळीची आहे. या बागेची स्पर्धा करू नका. अनेक शाळांत परसबाग असते, तिच्यातली भाजी शालेय पोषण आहाराच्या खिचडीत, आमटीत जाते, परसबागांच्या स्पर्धाही होतात. ते चांगलंच आहे, त्यातून बियाणं मिळतं, हुरूप येतो. पण ते सामाईक वाफ्यापुरतं राहू द्या. मुलाच्या स्वतःच्या वाफ्याला क्रमांक नको. झारी हातात देऊन त्याचा फोटो काढून गटावर टाकणं नको, "शेजारच्या ओळीतला मुळा बघ केवढा झालाय" हे तर नकोच नको. मूल आधीच सगळीकडे मोजलं जातंय. ही एक जागा न मोजता राहिली पाहिजे, नाहीतर तिचा उपयोग संपला.

घरी आल्यावर "आज काय शिकलास?" हा प्रश्नही शनिवारपुरता बाजूला ठेवा. त्याने मूठभर मेथी आणली असेल, तर ती त्याच दिवशी पिठात मळा किंवा डाळीत टाका. दोन दिवस फ्रीजमध्ये राहून पिवळी पडली, तर त्याला जे कळायचं ते कळतं. पालेभाजी पाहून ताट सारणारी मुलं स्वतः वाढवलेली मेथी मागून घेतात, हे अनेक आयांनीच मला सांगितलं आहे.

ज्यांच्या शाळेला मैदानच नाही, त्यांनी हिरमुसू नये. गच्ची असते, जिन्याखाली उन्हाची तिरीप असते. अर्धे कापलेले ड्रम, तळाला भोकं, त्यात नारळाच्या शेंड्या आणि वाळका पाला, वर थोडी माती. पालक, मुळा, मेथी एवढ्यावर येतात. दोन बाकं आडवी लावली की शांत कोपराही होतो.

बागेवर माझा विश्वास आहे, पण बाग म्हणजे औषधोपचार नव्हे. मुलाची झोप, भूक कित्येक दिवस बिघडलेली असेल, ते शाळेत यायलाच तयार नसेल, आवडत्या गोष्टीही सोडून देत असेल, किंवा जगण्याविषयी काही निराशेचं बोललं असेल, तर वाट पाहू नका. बालरोगतज्ज्ञांना, समुपदेशकांना भेटा. शासनाची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालते, तिथे मराठीतही बोलता येतं. आणि आम्हालाही सांगा. आम्हाला माहीत असलं तर आम्ही वर्गात मुलाला जपू शकतो.

शेवटचं काम तुमच्या हातचं आहे. शाळांच्या बागा मरतात त्या मे महिन्यात. एप्रिलअखेर शाळेला कुलूप लागतं, मुलं मामाच्या गावाला जातात, आणि जूनमध्ये परत येतात तेव्हा वाफ्यांत भेगा पडलेल्या असतात. दिवाळीच्या सुटीतही थोडंफार तेच. शिपाईमामा एकटे किती पाणी घालणार? या वर्षी पालक-शिक्षक संघाच्या पहिल्याच सभेत हा विषय घ्या. शाळेच्या जवळ राहणाऱ्या आठ-दहा घरांनी पाळी लावून घेतली, तर एकेका घराच्या वाट्याला आठवड्यातून एखादी सकाळ येते. मुलाला सोबत न्या, झारी त्याच्याच हाती द्या. किल्ली कुणाकडे राहील तेवढं मुख्याध्यापकांशी बोलून आधी ठरवून ठेवा.